दगडू मिस्त्रीनं घडवलेले बाबासाहेब

तुमच्या गावच्या चौकात एखादा पुतळा असेलच. एकदा त्याच्याकडे मागून बघा. पुढून सगळेच बघतात. हार पुढून पडतो, फोटो पुढून निघतो, पुढाऱ्यांची भाषणंही पुढूनच होतात. कारागिरानं अंगचोरी कुठे केली ते पाठीवर कळतं. कोटाची मागची शिवण सरळ उतरली आहे का, कॉलर मानेवर बसली आहे की तरंगते आहे, टाचा चपलेत आहेत की नुसत्या चिकटवल्यात. जळगावात चाळीसेक वर्षं मी हाच धंदा केला. अजूनही एसटीनं कुठे निघालो की खिडकीतून आधी पुतळ्याची पाठ बघतो. चांगली दिसली तर बरं वाटतं, आणि काम दुसऱ्याचं असलं तर जरा कमी बरं वाटतं.

या अंकाच्या संपादकांनी मला विसाव्या शतकातल्या थोर माणसांबद्दल, त्यांनी मागे काय ठेवलं त्याबद्दल लिहायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, त्यांचे विचार सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत, मला फक्त त्यांचे कान ठाऊक. ते म्हणाले, मग कानांबद्दल लिहा. तेव्हा पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्यांची.

आधी धंदा सांगतो. पुष्कळांना वाटतं की पुतळा म्हणजे दगड घ्यायचा आणि छिन्नी चालवायची. तसं नसतं. सळया वाकवून आधी सांगाडा उभा करायचा, त्यावर शाडूची माती चढवायची आणि अख्खा माणूस मातीत पुरा करायचा. माती वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर रोज पाणी मारायचं, ओली फडकी गुंडाळायची. माणूस मनासारखा झाला की त्याच्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, साचा उघडायचा, आतली माती खरवडून काढायची. मग त्या साच्यावरून फायबरचा पुतळा आम्हीच काढतो, ब्राँझचा असला तर ओतकामाच्या भट्टीवर पाठवतो. म्हणजे माझ्या हातानं केलेलं काम ते मातीतलं, आणि ते शेवटी घमेल्यात जातं. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग सवय झाली.

साचा घेण्याआधी एक दिवस असतो, त्याला आम्ही 'माती पास करणं' म्हणतो. ज्यांचा पुतळा आहे ती समिती, ग्रामपंचायत किंवा शाळा माणसं घेऊन येते. काय बोलायचं ते त्या दिवशी बोलून घ्यायचं, साचा पडला की तोंड बंद. त्यानंतर मातीचे फोटो सरकारी मंजुरीला जातात. मी या दिवसाची धास्ती घ्यायचो. आलेला प्रत्येक माणूस एकच कुठलीतरी गोष्ट बघतो आणि तिथेच अडून बसतो. यावल भागातले एक सरपंच गांधीजींची माती बघायला आले. प्रदक्षिणा घातली, बरगड्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "नाना, गांधीबाबाले जरासं अंग येऊ द्या. आमनं गाव काय उपाशी शे का?" मी हसलो, पण ते गंभीर होते. दोन तास समजूत घातली तेव्हा कुठे बरगड्या वाचल्या. एका सहकारी सोसायटीच्या दिवंगत अध्यक्षांच्या तीन मुलांनी वडिलांच्या तीन वेगवेगळ्या मिशा सांगितल्या होत्या. मी आईला बोलवा म्हटलं. माउली आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, मिशा राहू द्या, आधी त्यांच्या कपाळावरचा राग कमी करा, घरात असे नव्हते ते. ती एकटीच काय ते बरोबर बोलली.

गांधीजी आणि बाबासाहेब, हे दोघं माझे मोठे यजमान. दोघांनाही चष्मा. जयंतीला शिडी लावून हार घालायला दहा जण चढणार, त्यात कुणाचा तरी कोपर चष्म्याला लागणार आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येणार, हे ठरलेलं. बाबासाहेबांच्या बाबतीत चष्म्याच्या जोडीला वर केलेलं बोट. चढणारा माणूस तोल सांभाळायला नेमकं तेच धरतो. माझ्यापुरतं एक पाहिलंय ते सांगतो. माझ्याकडे गांधीजी यायचे ते बहुतेक सरकारी कागदावरून. बाबासाहेबांसाठी मात्र वस्तीतली माणसं यायची, पोरांच्या गाडीवर मागे बसून, वर्गणी रुमालात बांधून. मातीसमोर उभी राहिली की त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाया आधी पदर सावरायच्या. मग मीही उगाच सदऱ्याची गुंडी लावून घ्यायचो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दोंडाईच्याजवळच्या एका गावात बौद्ध वस्तीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा सिमेंटचा जुना पुतळा होता. तो दगडू मिस्त्री नावाच्या गवंड्यानं केलेला. दगडू मिस्त्री त्याच वस्तीतला, घरं आणि विहिरी बांधणारा. पुतळा करणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीवरच्या तसबिरीवरून त्यानं तो विटांवर सिमेंट थापत उभा केला होता. खरं सांगायचं तर चेहरा उतरला नव्हता. गाल जास्त, मान नाहीच, आणि कोट बघून शिंपी पळून गेला असता. एक मात्र वेगळं होतं. सगळीकडे पुस्तक मिटलेलं असतं, छातीशी धरलेलं. दगडूनं ते डाव्या हातावर उघडं ठेवलं होतं. पुतळा उंच चबुतऱ्यावर, त्यामुळे पानं आकाशाकडे. खालून कुणाला दिसायची सोय नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी त्याचं बोट तुटलं म्हणून मला बोलावलं होतं. सळई घालून मी बोट बसवलं. शिडीवर होतोच, तर उघड्या पुस्तकाकडे लक्ष गेलं. पानावर सगळे चरे. मला वाटलं, सिमेंट फुटायला लागलंय. आमचा धंदा सफाईचा, खडबडीत दिसलं की हात शिवशिवतात. नव्या सिमेंटनं जुन्याला धरावं म्हणून आधी पृष्ठभागावर छिन्नीनं टाचे मारतात, तसे मी पानावर पाच मिनिटं टाचे मारले, सिमेंटचा हात फिरवला, घोटून गुळगुळीत केलं आणि रंग दिला. खाली उतरून मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पुस्तकाचं काम माझ्याकडून, त्याचं काही देऊ नका. लोकांनी चहा पाजला. दगडू मिस्त्री तेव्हा वारलेला होता.

मग तीन वर्षांपूर्वी त्याच गावचा प्रशांत माझ्याकडे आला. दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला, वस्तीच्या समितीचा अध्यक्ष, तिशीतला, बोलायला नेटका. त्यांना नवा पुतळा हवा होता, ब्राँझचा. म्हणाला, नाना, रस्त्यावरचे लोक थांबतात, आमच्या पुतळ्याचे फोटो काढतात आणि मोबाईलवर हसत एकमेकांना पाठवतात, आमच्या पोरांना ते शाळेत ऐकावं लागतं. त्याचं काही चुकत नव्हतं. जुन्याचं काय करायचं, असं त्यानं विचारलं तर मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, मानानं उतरवा आणि मानानंच मोडा, ठेवून करणार काय, त्यात पुतळा म्हणण्यासारखं काही नाही.

मी चबुतऱ्याची मापं घ्यायला गेलो त्या दिवशी तिथे एक बाई वाट बघत उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, पांढरी साडी, हातात छत्री. प्रशांतनं ओळख करून दिली. दगडू मिस्त्रीची मुलगी वत्सलाबाई. वस्तीतली शिकलेली पहिली मुलगी. जन्मभर भुसावळला प्राथमिक शाळेत शिकवून आता निवृत्त होऊन गावी परतलेल्या. प्रशांतला लहानपणी सुट्टीत पाढे त्यांनीच शिकवलेले. त्यांना एकच हवं होतं. पुतळा उतरवण्याआधी एकदा शिडीवर चढून पुस्तक बघायचं होतं.

कारण त्यांनी सांगितलं. पुतळा झाला तेव्हा त्या पहिलीत होत्या. दगडू मिस्त्रीला अक्षर येत नव्हतं. पुस्तकाचं पान कोरं कसं ठेवायचं म्हणून त्यानं लेकीला परांचीवर उभी केली, म्हणजे गवंड्याच्या बांबूच्या माचीवर, हातात खिळा दिला आणि सांगितलं, तुला येतं ते लिही. सिमेंट ओलं होतं. तिनं दोन्ही पानं भरली. पुढे हार घालायला शिडीवर पुरुष चढायचे. बायांनी चढायची रीत नव्हती. मग लग्न, नोकरी, बदल्या. ते पान त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. काय लिहिलं होतं ते आठवतही नव्हतं. खिळ्याचा गारवा आठवत होता, बापानं पाठीमागून धरलेलं आठवत होतं, लिहिलेलं नाही.

त्या बोलत होत्या आणि मला माझी छिन्नी आठवत होती. तरी मी शिडी धरली. दुसरं काय करणार. बाई सावकाश चढल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वर पोचल्यावर त्यांनी पानावरून तळहात फिरवला, इकडून तिकडे. मग वरूनच म्हणाल्या, "कोरं आहे."

खाली उतरल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही यातले जाणकार, असं कसं झालं असेल? आणि मी, त्या वेळी अडुसष्ट वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला, शांतपणे म्हणालो, "पाऊसपाणी, बाई. सिमेंट झिजतं." त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हो, इतके पावसाळे झाले. आणि मला घरी नेऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. तो घास मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

चोरी केली असती तर कबूल करायला सोपं गेलं असतं. इथे मी फुकट चांगुलपणा केला होता आणि त्यातच सगळं गेलं होतं. कुणाला संशय नव्हता, गावात बोट बसवायला आलेला कारागीर कुणाच्या लक्षातही नव्हता. गप्प राहिलो असतो तर आजही काही बिघडलं नसतं. महिनाभर मी माती चढवत होतो. चेहरा झकास उतरला. इतका चांगला चेहरा मी आधी केला नव्हता, मीच सांगतो, दुसरं कुणी सांगायला उरलेलं नाही. पण पुस्तकापाशी हात गेला की काम थांबायचं. शेवटी नेहमीसारखं मिटलेलं पुस्तक केलं आणि वरून फडकं टाकलं.

माती पास करायला समिती आली, सात-आठ जण. वत्सलाबाईंनाही आणलं होतं. फडकी काढली तसे सगळे पुढे सरकले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. प्रशांतचे डोळे भरले होते, त्यानं ते पुसले नाहीत. म्हणाला, नाना, हेच पाहिजे होतं. मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती, आणि ती घेताना मान वर होईना. वत्सलाबाई पुढे आल्या, चेहरा डोळे भरून बघितला, मग पुस्तकाकडे नजर गेली. मिटलेलं बघून नुसत्या थांबल्या.

तिथे मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हटलं, बाई, पावसानं काही झिजलं नव्हतं. ते मी केलं. बोट बसवायला आलो होतो तेव्हा छिन्नीनं टाचे मारले आणि वरून सिमेंट फिरवलं. आणि त्या दिवशी तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

प्रशांतचा चेहरा लाल झाला. तो पुढे होऊन काही म्हणणार, तेवढ्यात बाईंनी हात आडवा केला. त्या माझ्यावर रागावतील याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी रागावण्याऐवजी प्रश्न विचारला, आणि तोसुद्धा घाईघाईनं, हरवलेलं माणूस कुणी पाहिलं का म्हणून विचारावं तसा.

"मग तुम्ही वाचलं असेल. काय लिहिलं होतं?"

हो म्हणायचा मोह झाला. काहीतरी सांगितलं असतं तरी त्यांनी ते उराशी धरलं असतं. हार घालणारे गळ्याकडे बघत चढले आणि उतरले; त्या पानावर पाच मिनिटं हात चालवलेला मी एकटा माणूस. डोळे शाबूत, मॅट्रिक झालेलो, रोज पेपर वाचणारा.

"नाही वाचलं, बाई," मी म्हणालो. "अक्षरं आहेत हेच माझ्या ध्यानात आलं नाही. मला चरे वाटले."

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. आतापर्यंत माझ्याशी शुद्ध बोलणाऱ्या बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मंग गयं ते." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला वाटतं, बाप गेला तेव्हाही एवढ्या रडल्या नसतील. समितीतली माणसं खाली बघत उभी होती. मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही ते कळलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच डोळे पुसले आणि विचारलं, हे पुस्तक उघडं करता येईल का? मी म्हटलं, माती आहे तोवर सगळं येतं. पण प्रशांत अडला. त्याचं म्हणणं, मॅडम, हे संविधान आहे. ते त्यांच्या छातीशी असतं, सगळ्या देशात असंच असतं. तुम्ही त्यावर पहिलीचं लिहिणार, लोक पुन्हा हसतील. पुतळ्याची थट्टा त्यानं आयुष्यभर सोसली होती.

बाईंनी त्याला शाळेतल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "प्रशांत, संविधान वाचायला आधी काय यावं लागतं?"

तो समितीकडे वळला आणि म्हणाला, चला, जेवून येऊ. दारातून वळून मला म्हणाला, नाना, जुना पुतळा मोडायचा नाही. आमच्या अभ्यासिकेत ठेवू, पोरांच्या मध्ये. मी मोडा म्हणून दिलेला सल्ला त्यानं बोलूनही दाखवला नाही, हा त्याचा मोठेपणा.

समिती शेवभाजी खायला गेली. बाई गेल्या नाहीत. मिटलेलं पुस्तक मी तारेनं कापून काढलं, हाताचा कोन बदलला, नवी माती घेऊन पुस्तक उघडं केलं. पानं घोटताना आयुष्यात पहिल्यांदा मी ती फार गुळगुळीत केली नाहीत. मग घोडा, म्हणजे आमची उंच लाकडी तिवई, सरकवला, बाईंना वर उभं केलं आणि बारीक कोरणी हातात दिली. मागून धरू का विचारलं. नको म्हणाल्या.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, पण मातीत तो एकेक अक्षर दाबून काढत होता. अ, आ, इ, ई. एक ओळ भरली की थांबायच्या. पहिलीतल्या पोरीला दुसरं काय येत असणार, असं एकदा म्हणाल्या, आणि पुन्हा लिहायला लागल्या. डावं पान भरलं, उजवं भरलं. ज्ञ काढला आणि कोरणी माझ्या हातात परत दिली.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं. एकही अक्षर गाळलं नाही. कोपऱ्यातला 'ळ' जरा पुसट होता, तिथे वाकून बघून वाचला. संपलं तेव्हा बाई घोड्यावरून खाली उतरल्या होत्या आणि हातावरची माती बघत होत्या.

मग त्यांनी सांगितलं, ऐकता ऐकता आत्ता आठवलं, त्या दिवशीही लिहून झाल्यावर बापानं त्यांना असंच वाचायला लावलं होतं. वर, भर उन्हात, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. त्यानं कान देऊन सगळं ऐकलं, पुस्तकाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बराबर शे."

माती वाळायला लागली होती. मी फवारा घेतला आणि अक्षरं बुजणार नाहीत अशा बेतानं पानांवर पाणी मारलं.